बुधवारी लेक पाठवत नाहीत, आणि तिकीट निघालं बुधवारचंच

बोरीकाठची
सोमवार, रात्री ११:४०

धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, खाट टाकून मोबाइलवर लिहितेय, चुका पोटात घाला. खाली कूलरसमोर दोन्ही पोरं आडवी पडलीत. मला तिथे झोप येईना, कारण त्या खोलीत आता माणसांपेक्षा पिशव्या जास्त झाल्यात.

माहेर अमळनेर तालुक्यातलं. सासर, नोकरी, बिऱ्हाड सगळं चिंचवडला. एकोणीस वर्षं झाली, दर मे महिन्यात तीन आठवडे इथे येते. आधी एकटी यायचे, मग कडेवर पोर घेऊन. आता मोठी बारावीला गेली, धाकटा सहावीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायला जमत नाही. म्हणून गावातले सगळ्यांचे झोके उतरले तरी आमच्या निंबावरचा झोका आप्पा मी येऊन जाईपर्यंत सोडत नाहीत. त्यावर आता मी बसत नाही, पोरंही दोन दिवसांत कंटाळतात, बहुतेक वेळ त्याच्यावर गोधड्या वाळत असतात. पण झोका आहे.

परवा बुधवारी निघायचंय. अडचणी दोन.

पहिली बुधवारचीच. मोठीचे क्लास गुरुवारी संध्याकाळी सुरू. पूर्वी रेल्वेचं तिकीट १२० दिवस आधी काढता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. आमचे हे जुन्याच हिशेबात राहिले आणि मग एकदम घाईला लागले. शनिवार, रविवार, सोमवार, सगळीकडे वेटिंग. बुधवारी रात्रीच्या गाडीला तीन बर्थ मिळाले ते त्यांनी घेऊन टाकले. मायला मी वार सांगितलाच नव्हता, ‘चार तारखेला’ एवढंच बोलले होते. आज सकाळी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात चार तारीख शोधली, बोट वर नेलं, आणि तिथेच थांबली. ‘बुधवारले आंडेर धाडतस का कोनी?’ मी म्हटलं, माय, तिकीट आहे. तर म्हणे, ‘तिकीट काय तू मले इचारीसन काढं व्हतं?’ त्यानंतर दिवसभर जे बोलायचं ते आप्पांमार्फत. ‘तिला विचारा चहा घेईल का.’ मी समोरच बसलेली.

दुसरी अडचण दर वर्षीची. शेवटच्या दिवशी मायचं आणि माझं भांडण होतं. तीन आठवडे एका शब्दाने काही होत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी नऊपासून पिशव्या भरायला लागलो की अकराला ठिणगी पडते. एका वर्षी लोणच्याची बरणी होती. मी नको म्हणत असताना तिने दिली आणि ती गाडीत दुसऱ्याच माणसाच्या बॅगवर लवंडली. एका वर्षी दहा किलो दादर होती. तेव्हा मी ‘पुण्यात काय ज्वारी मिळत नाही का’ असं बोलून गेले. त्याला अकरा वर्षं झाली, ते वाक्य अजून निघतं. ती तेव्हा म्हणाली होती, ‘तठे मिळस ते तठलं. हाई आपलं शे.’ आणि मग फाट्यापर्यंत एक अक्षर नाही.

यंदाची यादी बघा. पंधरा किलोचा तेलाचा डबा धुऊन, उन्हात तापवून त्यात कुरडया. बिबडे एका वेगळ्या पिशवीत. उडदाचे पापड. घरचं तिखट, तीन किलो. कळण्याच्या भाकरीचं दळण. कैरीचं लोणचं, जे अजून मुरलंही नाही. आणि परवा सकाळी शेजारच्या काकूंना बोलावून खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, मांडे (आपल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या) करायचे ठरलंय, कारण मोठी बोलता बोलता म्हणाली की हॉस्टेलला गेले तर मांडे नाही मिळणार. ती जायची आहे पुढच्या वर्षी! आप्पा कापूस मोजायचा हुकाचा काटा घेऊन ओट्यावर बसलेत, प्रत्येक पिशवी लटकवतात, वजन मोठ्याने वाचतात आणि मायकडे बघतात. ती दुसरीकडे बघते.

तर विचारायचं असं: एक, या उन्हात सकाळी केलेले मांडे गुरुवार रात्रीपर्यंत टिकतील का, आणि न्यायचे कसे? दोन, बुधवारवर काही उतारा आहे का? आणि तिसरं, तुमच्या घरी शेवटचा दिवस कसा जातो? भांडण न होता कुणाला निघता आलंय का?


पांझराकाठचा
मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, बुधवारचा कायदा सासरी जाणाऱ्या लेकीला लागू आहे. तुम्ही सासरी चाललाच नाहीत, तुम्ही ऑफिसला चाललात. मायला असं सांगून बघा. (मार बसला तर मला सांगू नका.)

मी धुळ्याचा, आता नाशकात. अंतर तसं काहीच नाही, मनात आलं की महामार्गाला लागायचं. तरी दर वेळी निघताना वडील गाडीच्या चारही चाकांना लाथ मारून हवा बघतात. पाचव्या चाकाचंही विचारतात. आमच्याकडे शेवटच्या दिवशी शेवभाजीच होते, दुसरं काही नाही, कारण आईला वाटतं नाशकातली शेव भाजीत टाकली की विरघळते. हे मात्र खरं आहे. भांडण नाही होत, पण त्याचं कारण मी सकाळी सहाला निघतो. कुणाला भांडायला वेळच देत नाही. चांगला उपाय आहे असं मी म्हणणार नाही, घाट चढेपर्यंत काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहतं.


भुसावळचा जुना गार्ड
मंगळवार, सकाळी ८:३०

सामानाची चिंता करू नका. स्लीपरला माणशी ४० किलो सोबत नेता येतं, थ्री टियर एसीलाही ४०, टू टियरला ५०. पूर्ण तिकिटं तीन असतील तर तुमचे १२० किलो होतात. तुमच्या मातोश्री अजून निम्म्यातही पोचलेल्या दिसत नाहीत.

कुरडयांच्या डब्याला सुतळीचे दोन कान करा, उचलायला सोपं जातं. बर्थखाली आधी डबा, मग बॅगा, म्हणजे वरून काही पडून चुरा होणार नाही. लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, चार बोटं रिकामी ठेवा. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वर फडकं घट्ट बांधा आणि बरणी उभीच राहील अशा छोट्या बादलीत बसवा. बादली पुण्यात कामाला येईलच.

मी चौतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यातून फलाट बघितले. मे-जूनमध्ये आमच्या बाजूला एक गोष्ट नेहमी दिसायची. पोचवायला आलेली बाई सगळं सामान चढवून झालं की शांत उभी राहते. शिट्टी होते. गाडी हलते. आणि मग पदराखालून एक पिशवी निघते आणि खिडकीतून आत जाते. आतली ओरडते, ‘अगं नको!’ तोवर पिशवी मांडीवर. एसीच्या बंद काचांनी खान्देशातल्या मायांचं फार नुकसान केलं. तुमचा डबा कुठला आहे?


खापरावरची
मंगळवार, सकाळी ९:५०

मांड्यांचं मी सांगते, यावलकडची आहे, आमच्या घरी लग्नाकार्यात मांडे मीच करते.

टिकतील. पण सगळं पुरणावर आहे. डाळ शिजली की कटाचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दे. गूळ घातल्यावर पुरण इतकं आटव की उलथनं मध्ये उभं राहिलं पाहिजे. नेण्यासाठी करायचे तर पुरणात ओलं काही नको. खापरावरून उतरला की मांडा लगेच घडी करू नका. स्वच्छ धोतर पसरून त्यावर एकेक सुटा टाका, पंख्याखाली पूर्ण गार होऊ दे. गरम मांडा डब्यात घातला की घाम धरतो आणि रात्रीतच तार सुटते, सगळी मेहनत वाया. गार झाला की चार घड्या, सुती फडक्यात गुंडाळून टोपलीत किंवा खोक्यात. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा बिलकूल नको. गुरुवारी दुपारपर्यंत असेच खा. उरले तर फ्रीज, आणि खाताना तव्यावर तूप सोडून.

एक विनंती. हौसेने खापर पुण्याला नेऊ नकोस. मी एकदा ठाण्याला नेलं होतं. गॅसवर तिसऱ्या मांड्याला तडकलं, आणि त्या कॉलनीत खापर कुठून आणणार! शेवटी कढई पालथी घालून पोळ्या केल्या. त्याला मी मांडे म्हणत नाही.

आणि दर वर्षी मेमध्येच येतेस म्हणजे भरीत खाऊन किती वर्षं झाली ते सांग. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून पुण्यात कुणी तुला उन्हाळ्यात भरीत विकत असेल तर ते वांगं आपलं नाही. ते थंडीतच, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं. एकदा डिसेंबरात ये.


तापीकाठची आत्या
मंगळवार, दुपारी १२:२०

बाई, मी चोपडा तालुक्यातली, वय सदुसष्ट. माझी लेक सुरतला असते, ती शनिवारी गेली. म्हणून मी तुला तुझ्या मायच्या बाजूने सांगते.

आमच्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. तुझ्याकडेही तसंच असेल. लेक यायच्या आधी मी ड्रम, टाकी, हंडे, कळशा, अगदी वापरात नसलेली पातेलीसुद्धा भरून ठेवते. ती आली की पोरांच्या अंघोळी, कूलर, कपडे. दुसऱ्या दिवशी ड्रमचा तळ दिसायला लागतो. मी ओरडते, पाणी जपून वापरा रे, हे काय शहर आहे का. तीन आठवडे मी फक्त पाण्यावरून ओरडते. शनिवारी ती गेली. मंगळवारी, म्हणजे आज पहाटे, नळ आला. मी सवयीने नळी लावली आणि ड्रमचं झाकण काढलं तर ड्रम अर्ध्याहून जास्त भरलेलाच. ओतायला जागा नाही. नळी हातात घेऊन उभी राहिले, मग तुळशीत सोडली.

एवढंच सांगायचं होतं. पिशव्यांवरून तू फार बोलू नको तिला.

आता बुधवारचं. त्याला उतारा आहे, आणि तुझ्या मायलाही माहीत असणार, रागात आठवला नसेल. प्रस्थान ठेवायचं. आज मंगळवारी दिवेलागणीच्या आत तुझ्या सामानातली एक बॅग शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. बरोबर हळकुंड, सुपारी, एक रुपया. निघताना जे करायचं ते सगळं आजच करायचं, कुंकू, ओटी, दही-साखर हातावर, पाया पडणं. बॅग उंबऱ्याबाहेर गेली म्हणजे तू निघालीस. उद्या जातेस ते नुसतं गाडी पकडायला. फक्त ती बॅग परत घरात आणायची नाही, जाताना तिकडूनच उचलायची.

आमच्या सासूबाई तर मुंबईचं तिकीट असलं की आठ दिवस आधीच प्रस्थान ठेवायच्या. कोणत्या वाराला काय, भानगडच नको.


बोरीकाठची
मंगळवार, रात्री ९:१५

आत्या, तुमच्या पाया पडते. दुपारी मायला वाचून दाखवलं, आप्पांमार्फत नाही, थेट. ‘प्रस्थान’ शब्द ऐकला आणि तिने कपाळावर हात मारला. मग जी उठली ती थेट कपाटाकडे.

मला वाटलं छोटी पिशवी ठेवू. ती म्हणाली नाही, मोठी बॅग. छोट्या पिशवीने काय माणूस गेल्यासारखं वाटतं? आप्पांनी काट्याला लावली, साडेअकरा किलो. साडेसहाला आमची वरात निघाली. पुढे आप्पा बॅग घेऊन, मागे मी, माय, दोन पोरं आणि गल्लीतलं एक कुत्रं. अंतर तीसएक पावलं. मोठी व्हिडिओ काढत होती आणि हसत होती. माझी ओटी भरली, हातावर दही-साखर ठेवली. काकूंनी बॅग आत घेतली, देव्हाऱ्याखाली ठेवली आणि मला म्हणाल्या, ‘बस, आता आलीच आहेस तर चहा घे.’

गार्डकाका, डबा थ्री टियर एसीचा आहे. नुकसान होणार.


बोरीकाठची
शुक्रवार, रात्री १०:५०

पोचलो. काल दिवसभर क्लास, ऑफिस आणि कपड्यांची मशीन, लिहायला आज वेळ मिळाला. थोडं लांबणार आहे.

बुधवारी सकाळी उठले तर घरात कुणाला काय करायचं तेच सुचत नव्हतं. ओटी भरून झालेली. पाया पडून झालेले. बॅग गेलेली. हिशेबाने मी मंगळवारीच निघाले होते आणि तरी बुधवारी चुलीपुढे बसून चहा पीत होते. आप्पांनी दोनदा काटा हातात घेतला आणि दोनदा खुंटीला लावला, मोजायला काही नाही. मायने नऊला पिशव्या काढल्या नाहीत. मी वाट बघत होते ठिणगीची. साडेनऊ. दहा. काही नाही.

काकू आल्या, मांडे केले. यंदा माय बसली फक्त जाळ घालायला, मनगट दुखतं तिचं, हे मला तीन आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनी चार केले आणि मला म्हणाल्या, ये बस. मी आयुष्यात कधी मांडा केला नव्हता. हातावर उंडा घेऊन तो दोन्ही कोपरांपर्यंत फिरवत वाढवायचा असतो, लाटणं नाही, पोळपाट नाही. पहिला फाटला आणि चुलीत गेला. दुसरा खापरापर्यंत पोचला, पण पडताना असा काही दुमडला की धाकटा म्हणाला, हा भारताचा नकाशा आहे. तिसरा बरा निघाला. मायने तो उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाली, काकूंकडे बघून, ‘पाटी दिसत नाही पलीकडची, पण खायला चालेल.’ चांगल्या मांड्यातून पलीकडचं दिसावं लागतं म्हणे. खापरावरच्या ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे धोतरावर पसरले, पंखा लावला, सगळं केलं.

जेवणानंतर ऊन असं पेटलं होतं की अंगणात पाय ठेवता येत नव्हता. पोरं कूलरसमोर. माय आणि मी मधल्या घरात फरशीवर नुसतं उशी घेऊन पडलो. बस चारची होती. दर वर्षी या वेळेला मी चेन लागत नाही म्हणून बॅगेवर बसलेली असते. पडल्या पडल्या मी तिला विचारलं, तू माहेरहून यायचीस तेव्हा बुधवारचं इतकं होतं का?

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग हसायला लागली, पदर तोंडावर घेऊन.

तिचं माहेर पारोळ्याच्या अलीकडे. आजोबा बैलगाडीने फाट्यापर्यंत सोडायचे, तिथून एसटी. दिवसातून दोनच गाड्या. निघायचं ठरायचं मंगळवारी. मंगळवारी सकाळी हिची काहीतरी गडबड व्हायची. पोलकं भिजायचं, नाहीतर चप्पल सापडायची नाही, नाहीतर एकाएकी पोट दुखायला लागायचं. गाडी चुकायची. मग उद्या बुधवार. बुधवारी कोण पाठवणार? म्हणजे गुरुवार. ‘दोन दिवस,’ माय म्हणाली. ‘दर खेपेला दोन दिवस.’ तिच्या मायला, म्हणजे माझ्या आजीला, हे कळत होतं का, मी विचारलं. तर म्हणे, ‘चप्पल तीच तर दडवायची.’

मी उठून बसले. एकोणीस वर्षं मी येतेय, आणि मला वाटायचं बुधवार म्हणजे बायकांना घाबरवायचा वार.

पुढचं पटापट सांगते. साडेतीनला काकूंकडून बॅग उचलायला गेलो. आप्पांनी हात घातला आणि लगेच काटा आणायला परत गेले. साडेसतरा किलो! मंगळवारी साडेअकरा होती. काकूंनी आधीच हात वर केले, ‘मला विचारू नका, तुमची माय तीनदा येऊन गेली.’ म्हणजे मी मांडे फाडत होते, अंघोळीला गेले होते आणि भांडी घासत होते, तेवढ्या वेळात. आत्या म्हणाल्या होत्या बॅग घरात परत आणायची नाही, तिने आणली नाहीच, घरच बॅगेत नेऊन ठेवलं. आप्पांनी आकडा मोठ्याने वाचला. माय म्हणाली, प्रस्थानाची बॅग उघडत नसतात. मी उघडली नाही. नियम तो नियम.

जळगावपर्यंत दोघंही आले. पूर्वी फाट्यावरूनच परत फिरायचे. आप्पांनी पंचाहत्तरी ओलांडल्यापासून एसटी फुकट आहे आणि मायला अर्धं तिकीट, त्यामुळे आता ते स्टेशनपर्यंत येतात. आप्पा कंडक्टरला कार्ड दाखवतात तेव्हा बसमधल्या इतरांकडे एकदा बघून घेतात.

आणि भांडण झालंच. फलाटावर, गाडी यायला दहा मिनिटं असताना. तिने हातातल्या पिशवीतून पाण्याची दोन लिटरची बाटली काढली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, आणि मी म्हटलं, ‘माय, स्टेशनवर पाणी मिळतं ना.’ तोंडातून गेलंच. बुधवारी नळ येऊन चौथा दिवस होता आमच्याकडे. ड्रममध्ये किती होतं ते मी सकाळी पाहिलं होतं. ती काही बोलली नाही, बाटली माझ्या पर्सशेजारी ठेवली आणि आप्पांना म्हणाली, इंडिकेटर बघून या. आप्पांनी दोघींकडे बघितलं आणि डबा कुठे येतो ते बघायला गेले.

गार्डकाका, काचेचं तुमचं खरं. गाडी हलली तेव्हा तिचा हात पदराखाली होता. काय होतं कोण जाणे.

बॅग घरी येऊन उघडली. वरचे साडेअकरा किलो माझे. खाली शेंगदाणे, गुळाची ढेप, दोन बाजूंना नीट बसवलेली लसणाची जुडी आणि धाकट्याचा रबरी चेंडू. तो पंधरा दिवस धाब्यावर हरवलेला होता आणि त्याच्यावरून पोरांनी घर डोक्यावर घेतलं होतं. दादरही आहे, दीड-दोन किलो असेल. कुरडयांचा डबा शाबूत. तो परत पाठवायचा तर रिकामा पाठवता येत नाही, आणि पुण्याहून मायला काय भरून पाठवायचं ते मला सुचत नाहीये. सुचवा. गोड तिला चालत नाही.

मांडे टिकले. माझा तिसरा मांडा मोठीने फ्रीजमधून काढून आत्ता खाल्ला, तुपावर.

गुरुवारी पहाटे रिक्षातूनच फोन केला होता. वाटलं होतं, आधी पोरांचं विचारेल, मग बॅगेचं. तिने विचारलं, ‘पानी पुरनं का?’

पुरलं म्हटलं. अर्धी बाटली उरलीय. धाकट्याने तिच्यावर मार्करने ‘हात लावू नये’ असं लिहून ती फ्रीजच्या दारात ठेवलीय.